लिनक्स डेस्कटॉपचा दैनंदिन वापर

लिनक्स डेस्कटॉप म्हणजे लिनक्स कर्नलवर उभारलेली आणि खिडक्या, चित्रखुणा, कळफलक व माऊस यांच्या साहाय्याने वापरता येणारी संगणक संचालन प्रणाली होय. ‘लिनक्स’ हे नाव काटेकोरपणे पाहता केवळ कर्नलचे, म्हणजे यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअर यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या गाभ्याचे आहे. वापरकर्त्याच्या हाती येतो तो या गाभ्याभोवती अनेक मुक्त सॉफ्टवेअर एकत्र बांधून तयार केलेला संच. या संचाला ‘वितरण’ असे म्हणतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन ही त्यांतील परिचित नावे होत. पत्रलेखन, हिशेब, आंतरजाल, चित्रफिती पाहणे, छपाई अशी घर, शाळा वा छोट्या कार्यालयातील बहुतेक कामे या प्रणालीवर होतात. मराठी वापरकर्त्यापुढे मात्र काही वेगळे प्रश्न येतात. ते मुख्यतः लिपी, टंक आणि जुन्या दस्तऐवजांशी निगडित आहेत. त्यामुळे या लेखात त्यांना अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि पुन्हा वाटता येईल अशी संपूर्ण संचालन प्रणाली घडविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिलेला कर्नल प्रसिद्ध केला आणि या दोन प्रयत्नांच्या संयोगातून आजची प्रणाली उभी राहिली. प्रारंभी ती मुख्यतः आज्ञा टंकून चालवावी लागे. केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) या प्रकल्पांनी तिला सर्वसामान्यांना झेपेल असा दृश्य डेस्कटॉप दिला. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, तर लिनक्स मिंटची सुरुवात २००६ मध्ये झाली. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केले. ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’ या नावाचे ते संक्षिप्त रूप आहे.

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिची पुढची आवृत्ती ज्या जुन्या संगणकांवर चालत नाही, असे अनेक संगणक शाळांत आणि घरांत आजही सुस्थितीत आहेत. यंत्र धडधाकट असताना केवळ सुरक्षा-अद्यतने थांबली म्हणून ते भंगारात काढावे काय, या प्रश्नामुळे लिनक्सकडे वळणाऱ्यांची एक नवी फळी निर्माण झाली आहे.

स्थापनेपूर्वी आजमावणे

बहुतेक वितरणे ‘लाइव्ह’ स्वरूपात चालतात. वितरणाची प्रतिमा-धारिका उतरवून ती पेनड्राइव्हवर विशिष्ट साधनाने लिहावी लागते. नेहमीप्रमाणे कॉपी केलेली धारिका उपयोगाची नसते, आणि लिहिण्याच्या या प्रक्रियेत पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते. त्यानंतर संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण डेस्कटॉप वापरून पाहता येतो. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, पडद्याची चकाकी कमी-जास्त होते का, या चार गोष्टी येथेच तपासून घ्याव्यात. नंतर होणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा या टप्प्यावर टळतात.

स्थापना करताना ‘सर्व डिस्क पुसून स्थापित करा’ आणि ‘विद्यमान प्रणालीच्या शेजारी स्थापित करा’ हे दोन पर्याय सामान्यतः दिसतात. दोन्हींपूर्वी महत्त्वाच्या धारिकांची प्रत स्वतंत्र साधनावर काढलेली असणे अत्यावश्यक आहे. दुसरा पर्याय सुरक्षित वाटला तरी डिस्कचे विभाजन करताना वीज गेली तर पूर्वीची माहितीही नष्ट होऊ शकते. जेथे वीज वारंवार जाते तेथे हे काम बॅटरी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस जोडूनच करणे इष्ट.

वितरण निवडताना संगणकाची स्मृती पाहावी. ४ जीबी किंवा अधिक रॅम असल्यास ग्नोम, सिनॅमन वा केडीई यांपैकी कोणताही डेस्कटॉप चालतो, मात्र ४ जीबीवर ग्नोम मंद वाटू शकतो. २ जीबी रॅमच्या यंत्रासाठी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप योग्य ठरतात. खरी अडचण बहुधा डेस्कटॉपपेक्षा न्याहाळकाची असते. एकाच वेळी दहा संकेतस्थळे उघडली की हलक्यातला हलका डेस्कटॉपही धापा टाकू लागतो. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना पाच वर्षे अद्यतने मिळतात. शाळा वा कार्यालयासाठी याच आवृत्त्या घ्याव्यात.

धारिका आणि संचयिका

लिनक्समध्ये ‘सी’, ‘डी’ असे ड्राइव्ह नसतात. सर्व काही एकाच मूळ संचयिकेखाली वृक्षाप्रमाणे मांडलेले असते आणि ती संचयिका केवळ एका तिरप्या रेघेने (/) दर्शवितात. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचे एक घर मिळते. तेथे दस्तऐवज, चित्रे, डाउनलोड इत्यादी संचयिका तयार असतात. घराबाहेरच्या भागात बदल करण्यासाठी पासवर्ड विचारला जातो. पेनड्राइव्ह जोडल्यावर तो धारिका व्यवस्थापकाच्या डाव्या पट्टीत आपोआप दिसतो.

नावांतील मोठी आणि लहान रोमन अक्षरे येथे भिन्न मानली जातात. मराठी नावे चालतात, परंतु त्यांना एक अदृश्य मर्यादा आहे. लिनक्सच्या प्रचलित धारिका-व्यवस्थेत नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, अनुस्वार हीदेखील स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे ‘जयसिंगपूर’ या शब्दाला २७ बाइट लागतात आणि संपूर्ण मराठी नाव ८५ चिन्हांतच बसवावे लागते. परिपत्रकाचा पूर्ण विषय धारिकेच्या नावात लिहिण्याची कार्यालयीन सवय येथे अडते आणि ‘नाव फार मोठे आहे’ असा संदेश येतो.

पेनड्राइव्हच्या बाबतीत दोन गोष्टी नवख्यांना हमखास चकवतात. पहिली म्हणजे कॉपी ‘पूर्ण झाली’ असे पडद्यावर दिसले तरी माहितीचा काही भाग अजून स्मृतीत असू शकतो, म्हणून ‘इजेक्ट’ करूनच पेनड्राइव्ह काढावा. दुसरी म्हणजे पेनड्राइव्हवरील धारिका पुसली तरी ती त्याच पेनड्राइव्हवरील एका लपलेल्या कचरापेटीत जाते, त्यामुळे जागा मोकळी होत नाही. कचरापेटी रिकामी केल्यानंतरच जागा परत मिळते. लपलेल्या संचयिकांचे नाव टिंबाने सुरू होते आणि कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबल्यास बहुतेक धारिका व्यवस्थापकांत त्या दिसू लागतात.

ज्या संगणकावर विंडोजही आहे, तेथे विंडोजचा विभाग कधीकधी केवळ वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. विंडोजमधील ‘जलद आरंभ’ ही सोय संगणक पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवते, हे याचे नेहमीचे कारण होय. ती सोय विंडोजमध्ये जाऊन बंद करावी लागते.

मराठी टंकलेखन

देवनागरी दिसण्यासाठी आज बहुतेक वितरणांत काहीही करावे लागत नाही. रेड हॅटने उपलब्ध करून दिलेली लोहित टंकमालिका किंवा गूगलची नोटो मालिका सहसा आधीच स्थापित असते. लिहिण्यासाठी मात्र कळफलकाची मांडणी जोडावी लागते. ग्नोममध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘कळफलक’ या भागातील आदान स्रोतांत ‘मराठी’ निवडावी. त्यानंतर सुपर कळ (विंडोजचे चिन्ह असलेली) आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी व मराठी यांत अदलाबदल करता येते. अधिक मांडण्या हव्या असल्यास ‘आयबस’ या आदान-व्यवस्थेचा ‘एम१७एन’ हा संग्रह स्थापित करावा.

मांडण्यांचे तीन प्रमुख प्रकार आहेत. इनस्क्रिप्ट ही भारतीय मानकात समाविष्ट असलेली मांडणी होय. तिच्यात स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी रचना एकच राहते. ध्वन्यानुसारी मांडणीत रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहितात. मराठी संकेतस्थळांवर रुळलेली ‘गमभन’ पद्धत याच प्रकारची आहे. टंकलेखन यंत्रावरून आलेली रेमिंग्टन मांडणी टंकलेखन परीक्षा दिलेल्यांच्या हाताला बसलेली असते आणि तिच्या धर्तीची मांडणीही आयबसमधून मिळते.

इनस्क्रिप्ट शिकण्यास अवघड, हा समज पुरता खरा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील ‘जयसिंगपूर’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये पुढील नऊ कळांनी उमटतो : पी (ज), तिरपी रेघ (य), एम (स), एफ (ि), एक्स (ं), आय (ग), एच (प), टी (ू), जे (र). शिफ्ट कळीची एकदाही गरज पडत नाही आणि शब्द ज्या क्रमाने उच्चारला जातो त्याच क्रमाने कळा दाबल्या जातात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसत असली तरी ती ‘स’नंतर टंकायची, हे एकदा ध्यानात आले की पुढची वाट सोपी होते. रेमिंग्टनमध्ये वेलांटी आधी टंकली जाते, म्हणून त्या मांडणीवरून येणाऱ्यांचे हात येथेच अडखळतात.

मराठीची खरी कसोटी ‘ऱ’ या अक्षरात आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही असाच भेद असून निमंत्रणपत्रिकेत तो चुकल्यास भलत्याच पाहुण्यांना मान मिळतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘दर्या’साठी ओ, जे, डी, तिरपी रेघ, ई या कळा लागतात. ‘दऱ्या’साठीही याच कळा लागतात, फक्त जे दाबताना शिफ्ट धरावी लागते. म्हणजे अर्थाचा सगळा फरक एका शिफ्टवर अवलंबून असतो. हिंदीसाठी बनविलेल्या काही ध्वन्यानुसारी मांडण्यांत ‘ऱ’ सहजी मिळत नाही. त्यामुळे लिहिणारे ‘शेतकर्यांना’ असे लिहून पुढे जातात. मराठी मजकुरात वारंवार दिसणारी ही चूक पुष्कळदा अज्ञानाची नसून मांडणीच्या निवडीची असते. यासाठी भाषा निवडताना ‘हिंदी’ऐवजी ‘मराठी’चीच मांडणी घ्यावी.

दुसरे अक्षर ‘ॲ’. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जाई. असे जोडून लिहिलेले अक्षर आज अनेक ठिकाणी ठिपक्यांच्या वर्तुळासह विस्कटलेले दिसते. शिवाय संगणकाच्या दृष्टीने ही दोन लेखने भिन्न असल्याने ‘ॲप’ हा शब्द एका पद्धतीने शोधल्यास दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडत नाही. ‘ऱ’ हे अक्षरही एक अखंड चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठविलेले असू शकते. दिसायला सारख्या असलेल्या याद्या जुळवताना मुलांची अथवा मतदारांची नावे निसटू लागली, तर आधी या शक्यतेचा विचार करावा.

लिब्रेऑफिसमध्ये मराठीसाठी आणखी एक पायरी आहे. या संचात पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘जटिल मजकूर मांडणी’ असे लिप्यांचे तीन गट असून देवनागरी तिसऱ्या गटात मोडते. त्या गटाची भाषा, टंक आणि अक्षराचा आकार स्वतंत्रपणे ठरविलेला असतो. मजकुरातील इंग्रजी मोठे होते, पण मराठी तेवढेच राहते, या कोड्याचे उत्तर येथे मिळते. पर्यायांतील भाषेच्या भागात जटिल मांडणी सुरू करून तेथे ‘मराठी’ निवडावी. असे केल्याने मराठीची हनस्पेल शब्दसूची स्थापित असल्यास शुद्धलेखन-तपासणी चालते, आणि लोहित देवनागरीसारख्या टंकांत ‘ल’ व ‘श’ या अक्षरांची हिंदी वळणे जाऊन मराठी वळणे येतात. एकाच टंकातून दोन्ही वळणे मिळतात, हे अनेक मुद्रकांनाही ठाऊक नसते.

जुने मराठी दस्तऐवज

युनिकोडपूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे महाराष्ट्रातील टंकलेखन श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, तसेच सी-डॅकच्या आयएसएमसोबत येणारे टंक यांवर होत असे. या टंकांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. धारिकेत प्रत्यक्षात रोमन चिन्हेच साठविलेली असतात. विशिष्ट टंक लावला तरच ती मराठी म्हणून दिसतात. अशी धारिका लिनक्सवर उघडली की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो आणि वापरकर्त्याला वाटते की लिनक्सने धारिका बिघडविली. वस्तुतः तो टंक नसलेल्या कोणत्याही संगणकावर हेच दिसेल.

यावर दोन उपाय आहेत. टंकाचा परवाना अनुमती देत असेल तर तो टंक घरातील टंकांच्या संचयिकेत ठेवून धारिका वाचता येते. परंतु शोध, क्रमवारी, आंतरजालावर प्रकाशन यांसाठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरितच करावा लागतो. प्रत्येक टंकासाठी रूपांतरक वेगळा असतो आणि रफार, जोडाक्षरे व ‘ऱ’ या ठिकाणी चुका राहतात. रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, शाळांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक असा कितीतरी मजकूर अशा टंकांत अडकून पडला आहे. ज्या संगणकावर तो टंकला गेला तो बंद पडण्यापूर्वी किमान पीडीएफ प्रत काढून ठेवली तरी तो वाचनीय राहतो.

विंडोजवर युनिकोडमध्येच लिहिलेले दस्तऐवज मात्र थेट उघडतात. तेथे ‘मंगल’ टंक वापरलेला असेल तर लिनक्सवर त्याजागी दुसरा टंक येतो, ओळींची लांबी बदलते आणि दहा पानांचा अहवाल अकरा पानांचा होऊ शकतो. अंतिम प्रत पीडीएफमध्ये पाठविणे हा त्यावरचा सोपा उपाय.

सॉफ्टवेअर मिळविणे आणि अद्ययावत ठेवणे

विंडोजवर एखादे सॉफ्टवेअर हवे असल्यास संकेतस्थळ शोधून धारिका उतरविण्याची पद्धत आहे. लिनक्सवर वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून ते घेतले जाते. डेस्कटॉपवरील सॉफ्टवेअर केंद्रात नाव शोधून एका टिचकीसरशी ते स्थापित होते. भांडारातील संचांवर वितरणाची अंकीय स्वाक्षरी असल्यामुळे भेसळीचा धोका फार कमी असतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे कोणत्याही वितरणावर चालू शकणारे बांधणीचे प्रकार होत. त्यांतून नव्या आवृत्त्या लवकर मिळतात, पण डिस्कवर जागा अधिक लागते. अद्यतन-व्यवस्थापक प्रणाली आणि स्थापित सॉफ्टवेअर या दोहोंचे अद्यतन एकत्र करतो. घरात अनेक जण एकच संगणक वापरत असतील तर प्रत्येकासाठी वेगळे खाते काढावे आणि प्रशासकाचा अधिकार एकाकडेच ठेवावा.

टर्मिनल

टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकून संगणकाशी व्यवहार करण्याची खिडकी. दैनंदिन वापरासाठी आज ती अनिवार्य नाही, परंतु अडचणींची उत्तरे सहसा टर्मिनलच्या आज्ञांतच दिलेली आढळतात, कारण आज्ञा सर्व डेस्कटॉपवर सारखी असते आणि चित्रे न काढता सांगता येते. ‘एलएस’ ही आज्ञा संचयिकेतील यादी दाखविते, ‘सीडी’ने संचयिका बदलते, ‘सीपी’ने प्रत निघते, तर ‘डीएफ’ने डिस्कवर किती जागा उरली ते कळते. ‘आरएम’ने पुसलेली धारिका कचरापेटीत जात नाही, ती कायमची जाते. आज्ञेच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लावल्यास ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते. ज्या आज्ञेचा अर्थ समजलेला नाही, ती ‘सुडो’सह चालवू नये.

पासवर्ड टंकताना टर्मिनलमध्ये तारका किंवा ठिपके सहसा दिसत नाहीत. कळफलक बंद पडला असे समजून अनेक जण येथे थांबतात. प्रत्यक्षात अक्षरे नोंदविली जात असतात. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेल्यास कळफलक मराठीवर राहिला आहे काय ते पाहावे. कॉपी आणि पेस्टसाठी येथे नेहमीच्या कळांसोबत शिफ्टही दाबावी लागते, कारण कंट्रोल व सी या कळा चालू आज्ञा थांबविण्यासाठी राखीव आहेत. देवनागरी मजकूर बहुतेक टर्मिनलमध्ये नीट दिसत नाही, काने-मात्रा सरकतात. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा रकाना देते, हे त्याचे कारण आहे. धारिकेतील मजकूर त्यामुळे बिघडत नाही.

छपाई आणि इतर मर्यादा

लिनक्सवरील छपाई ‘कप्स’ या व्यवस्थेमार्फत होते. नव्या पिढीचे बरेच जाळे-सक्षम प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. मात्र जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरपैकी काही निर्मात्याच्या खास ड्रायव्हरवर अवलंबून असतात आणि तो लिनक्ससाठी नसतो वा जुनाट असतो. झेरॉक्स आणि डीटीपीची कामे करणाऱ्या दुकानांनी म्हणून आपल्या प्रिंटरचे नेमके मॉडेल आधी तपासावे. हिशेबाची टॅली ही प्रणाली लिनक्ससाठी स्वतंत्रपणे उपलब्ध नाही. अंकीय स्वाक्षरीचे काही टोकन आणि काही खात्यांची साधने केवळ विंडोजसाठी बनविलेली असतात. व्हॉट्सॲप न्याहाळकातून चालते. सातबारा पाहणे, परीक्षेचे अर्ज भरणे यांसारखी न्याहाळकातून होणारी कामे सहसा अडत नाहीत. ज्याचा व्यवसाय वरीलपैकी एखाद्या साधनावर उभा आहे, त्याने एक संगणक विंडोजवरच ठेवणे शहाणपणाचे. केवळ तत्त्वासाठी दुकान बंद ठेवण्यात अर्थ नाही.

मराठीकरण आणि शिक्षणसाधने

लिनक्स डेस्कटॉपच्या भारतीय भाषांतील रूपांतराला इंडलिनक्स या गटाच्या कामाने चालना मिळाली. ग्नोम, केडीई, फेडोरा, लिब्रेऑफिस यांचे मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी, तसेच रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयातील भाषा-चमूने केले. वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी समान पारिभाषिक संज्ञा ठरविण्याचा प्रयत्न ‘फ्युएल’ या प्रकल्पात झाला. तरीही प्रत्येक चमूची शब्दनिवड वेगळी दिसते. एकाच डेस्कटॉपवर कोठे ‘फाइल’ तर कोठे ‘धारिका’, कोठे ‘साठवा’ तर कोठे ‘जतन करा’ आढळते. नव्या आवृत्त्यांत भर पडलेल्या मजकुराचा अनुवाद मागे पडल्याने काही खिडक्यांत मराठी आणि इंग्रजी यांची सरमिसळ होते. अनेक वापरकर्ते म्हणून डेस्कटॉप इंग्रजीत ठेवून केवळ लेखन मराठीत करतात, आणि अडचणींची उत्तरे शोधताना ही तडजोड सोयीचीही ठरते. अनुवाद करण्यासाठी संगणक-आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नसते. मूळ इंग्रजी वाक्य आणि त्यापुढे मराठी वाक्य अशी मांडणी न्याहाळकातच भरता येते आणि चमूच्या तपासणीनंतर ती पुढील आवृत्तीत समाविष्ट होते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, उबुंटू डेस्कटॉप आणि लिब्रेऑफिस यांवरील छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांपैकी अनेक मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. पाठ पाहता पाहता तीच कृती शेजारच्या खिडकीत करून बघावी, अशा रीतीने त्यांची आखणी केलेली आहे. ते उतरवून घेता येत असल्याने आंतरजालाची जोडणी नसलेल्या शाळेतही वापरता येतात.